कवळीचे सर

सर माणसाच्या डोळ्यांकडे पाहून बोलत नसत, तोंडाकडे पाहून बोलत. शेवटच्या वर्षाच्या पहिल्याच तासाला हजेरीत माझं नाव आलं, मी 'येस सर' म्हटलं, तशी त्यांनी रजिस्टरमधून मान वर केली.

"डावीकडली दाढ कधीपासून दुखून राहिली?"

मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. डेंटल कॉलेजातल्या पोरीचीच दाढ किडली आहे हे सांगायची लाज वाटत होती. मी खालच्या आवाजात म्हटलं, "दोन महिने झाले, सर."

"तरीच. बोलताना जबडा उजवीकडं ओढून राहिली तू. दुपारी खाली जाऊन भरून घे. आपलं तोंड सडकं ठेवून दुसऱ्याच्या तोंडात हात घालायचा नाई."

दाढ भरली, पण नाव पडलं ते पडलंच. वर्षभर त्यांनी मला 'उजवीकडून खाणारी' म्हणूनच हाक मारली. माझं खरं नाव त्यांच्या ध्यानात राहिलं होतं की नाही, शंकाच आहे. माणसाची ओळख त्यांच्या लेखी ओठांच्या आत होती.

आमचं कॉलेज नागपुरातल्या एका संस्थानाचं. संस्थानाचे मूळपुरुष महाराज गावोगाव फिरून लोकांची औषधपाण्याची सेवा करीत, त्यांच्या नावानं शिष्यांनी आधी दवाखाना काढला आणि मग हे कॉलेज. रोज सकाळी पावणेनऊला सभागृहात प्रार्थना व्हायची, मेसमध्ये कांदा-लसूण नसायचा, आणि खंडेनवमीला दात काढायच्या चिमट्यांपासून ड्रिलपर्यंत सगळी हत्यारं पांढऱ्या चादरीवर मांडून त्यांना झेंडू वाहिला जायचा. सर त्या दिवशी आपल्या विभागातलं एकच हत्यार पूजेला पाठवत, मेण कापायची जुनी सुरी. "बाकीचे कामावर आहेत," असं सांगत.

ते कवळी विभागाचे प्रमुख होते. तळमजल्यावरचा तो विभाग कायम प्लास्टरनं पांढरा असायचा आणि सरही. चपलांवर प्लास्टर, मिशीत प्लास्टर. कोटाच्या डाव्या खिशात फुटाणे. ते त्यांच्यासाठी नसत, पेशंटसाठी असत. नवी कवळी बसवली की सर समोर स्टूल ओढून बसत आणि एक फुटाणा तळहातावर ठेवून पुढं करीत. पेशंट चावत असताना ते डोळे मिटून नुसता आवाज ऐकत. आवाज पटला नाही तर कवळी परत घेत. एखादा कंटाळलेला विद्यार्थी म्हणे, "सर, त्यांना चालतं आहे." त्यावर सरांचं ठरलेलं उत्तर होतं. "देवानं बत्तीस दिले होते. आपण अठ्ठावीस देऊन राहिलो. चार कमी देतोच, मग जेवढे देतो तेवढे तरी नीट दे."

प्रार्थनेला ते यायचे, पण हात जोडायचे नाहीत. दारापाशी हात मागं बांधून उभे राहायचे आणि दोनशे पोरांची तोंडं न्याहाळायचे. प्रार्थना संपली की एखाद्याला बाजूला घेऊन सांगायचे, "अक्कलदाढ आडवी येऊन राहिली तुझी. एक्स-रे काढ." ते नास्तिक आहेत असं काही जण म्हणत, कुणी म्हणे त्यांचं महाराजांशी वाकडं आहे. त्यांना विचारायची हिंमत कुणाची नव्हती.

पावसाळ्यात त्यांनी आमच्याकडून एक काम करून घेतलं. प्रत्येकानं शेजारच्याच्या टाळूचं माप घ्यायचं, त्यावर गुलाबी ऍक्रिलिकची पातळ पट्टी बनवायची, आणि ज्याची त्यानं ती चोवीस तास तोंडात ठेवायची. दात नाहीत, काही नाही, नुसती पट्टी. जेवायचं तिच्यासकट, बोलायचं तिच्यासकट. दुपारी मेसमध्ये वरण-भाताला चव लागेना, गरम-थंड कळेना. एकजण तर पोळी गिळताना रडकुंडीला आला. दुसऱ्या दिवशी आम्ही तशाच तोंडानं प्रार्थनेला उभे राहिलो. प्रार्थनेची पहिली ओळ 'सद्गुरुनाथा, सदा सहाय्य' अशी होती. आमच्या अख्ख्या बॅचच्या तोंडून 'शद्गुलुनाथा' निघालं, त्यावर थुंकी आत ओढल्याचा आवाज, आणि मग खालच्या वर्गांतली पोरं हसायला लागली.

संस्थानाचे सचिव समोरच उभे होते. धोतर, बंद गळ्याचा कोट, शिस्तीचे माणूस. त्यांना वाटलं, आम्ही ठरवून टिंगल केली. त्यांनी सरांना तिथंच बोलावलं.

"सर, प्रार्थनेची ही काय विटंबना चालवली आहे?"

सर म्हणाले, "साहेब, तुमचे गावोगावचे म्हातारे भक्त रोज अशीच प्रार्थना करतात. पोरांनी एक दिवस ऐकली, एवढंच झालं."

सचिवांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग ते निघून गेले. त्यांच्या स्वतःच्या तोंडात सरांनी केलेली कवळी होती, हे आम्हाला नंतर कळलं.

आता जे सांगणार आहे ते माझ्या चुकीचं आहे. ते वगळून सरांबद्दल लिहिता येत नाही.

मार्गशीर्षात महाराजांचा उत्सव असतो. त्या वर्षी संस्थानानं ठरवलं की उत्सवाच्या दिवशी, महाराजांच्या गादीसमोर, खेड्यांतल्या एक्कावन्न म्हाताऱ्या माणसांना कवळ्या द्यायच्या. सरांनी आधी नाही म्हटलं. एका कवळीला पाच खेपा लागतात. पहिल्या खेपेला कच्चं माप, दुसरीला पक्कं, तिसरीला वरचा आणि खालचा जबडा एकमेकांवर कसा मिटतो ते घ्यायचं. चौथ्या खेपेला दात मेणात बसवून तोंडात घालून पाहायचे, म्हणजे काही चुकलं असेल तर मेण वितळवून सुधारता येतं. पाचव्या खेपेला पक्की कवळी. "यातली एक खेप खाल्ली तरी ती पेशंटच्या हिरडीतून वसूल होते," असं सर म्हणायचे. पण तारीख ठरलेली होती, पत्रिका छापलेल्या होत्या. शेवटी सर म्हणाले, पोरांचा कोटाही पूर्ण होईल, करू. परीक्षेला बसायला प्रत्येकाला ठरावीक कवळ्या पूर्ण कराव्या लागत. माझी एक कमी होती.

माझ्या वाट्याला कुही तालुक्यातल्या एक आजी आल्या. मीही कुहीकडचीच, आमच्या गावापासून त्यांचं गाव दोन कोसांवर. पहिल्या दिवशीच त्यांनी विचारलं, "कोनाची वं तू?" मी वडिलांचं नाव सांगितलं, तसा त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. तोंडात एकही दात नव्हता, तरी त्यांचं काही अडत नव्हतं. "पोरानं नाव टाकलं संस्थानात, म्हनून आली. नाई तं मले काय करायचे हाय दात," म्हणाल्या. तीन खेपांना त्या एसटीनं वेळेवर आल्या. चौथ्या खेपेला धानाची कापणी सुरू झाली. मी फोन केला, तर मुलगा म्हणाला, "आता आठ दिवस तं नाई जमत, ताई. घरी कोनीच नाई."

आठ दिवस थांबलं असतं तर उत्सव गेला असता. उत्सव गेला की ती कवळी यादीतून जाणार, आणि माझी परीक्षा. मी मेणाचे दात साच्यावरच पाहिले. बरे दिसत होते. फाईलमध्ये चौथ्या खेपेच्या रकान्यात तारीख टाकली आणि 'समाधानकारक' असं लिहिलं. त्या दुपारी सरांच्या टेबलावर एक्कावन्न फायलींचा गठ्ठा होता आणि संस्थानातून दर पंधरा मिनिटांनी माणूस येत होता. सरांनी माझी फाईल उघडली. एरवी ते पेशंट समोर असल्याशिवाय सही करत नसत. त्या दिवशी त्यांनी केली.

उत्सव थाटात झाला. आजी नऊवारी नेसून आल्या होत्या. गादीसमोर वाकून त्यांनी कवळीची डबी दोन्ही हातांत घेतली आणि कपाळाला लावली.

दुसऱ्या आठवड्यात तपासणीचा दिवस होता. ज्यांना टोचत होतं ते आले, कुरकुरले, आम्ही घासून दिलं. संध्याकाळी सरांनी यादी मागवली आणि जे आले नाहीत त्यांच्या नावांवर बोट ठेवत गेले. माझ्या आजींच्या नावावर बोट थांबलं.

"ही काहून नाई आली?"

"सर, काही त्रास नसेल."

"नव्या कवळीचा त्रास नाई, असा माणूस मी तीस वर्षांत पाहिला नाई. जो येऊन कुरकुर करते त्याचं बरं असते. उद्या सकाळी तू आणि मी जाऊ."

मी रात्रभर झोपले नाही, एवढंच सांगते. सकाळच्या एसटीत सर खिडकीशी बसून शेतं पाहत राहिले. कापलेल्या धानाची खुंटं उभी होती. कवळीचा विषयही त्यांनी काढला नाही. उतरल्यावर बांधावरून चालताना मात्र, मला शेतीतलं काय काय येतं ते विचारत होते.

आजी अंगणात तांदूळ पाखडत होत्या. आम्हाला पाहून लगबगीनं उठल्या, सतरंजी टाकली, चहा ठेवायला सुनेला हाक मारली. तोंड रिकामं होतं.

"आजी, कवळी कुठं आहे?" सरांनी विचारलं.

"हाय ना. देवात हाय."

देवघर म्हणजे भिंतीतला एक कोनाडा. त्यात टाक, महाराजांचा फोटो, आणि फोटोसमोर तांब्याच्या ताटलीत माझी कवळी. वरच्या दातांना हळद, खालच्यांना कुंकू, मध्ये एक शेवंतीचं फूल.

सरांनी वाकून पाहिलं. मला वाटलं, ते हसतील. ते हसले नाहीत. हात धुऊन आले, मोबाइलचा उजेड पाडून आजींच्या तोंडात पाहिलं. खालच्या हिरडीवर डावीकडं बोटाच्या पेराएवढा घाव होता. काठानं भरत आला होता, मधे अजून लाल होता.

"किती दिवस घातली होती?"

"पाच दिवस. मंग जेवनच जाये ना."

"मग आल्या काहून नाई? टोचते म्हणून सांगायचं होतं."

"बाप्पा, महाराजाच्या गादीवरून भेटलेली वस्तू. तिले नाव ठेवू काय? माह्याच तोंडाचा दोष असन. म्हनून देवात ठेवली."

सर खाली बसले. मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "आजी, पक्की कवळी व्हायच्या आधी मेणातले दात तोंडात घालून पाहिले होते ना तुम्ही? चौथ्या वेळेस?"

आजींनी माझ्याकडं पाहिलं. तेवढ्यात त्यांना काय कळलं कोण जाणे. वळून म्हणाल्या, "हो तं. घातले होते ना. पोरीनं सगळं बराबर केलं."

सत्तरी ओलांडलेली ती बाई, कवळीला नाव ठेवणं पाप समजणारी, महाराजांच्या फोटोसमोर बसून माझ्यासाठी खोटं बोलत होती. मला ते सोसलं नाही. मी म्हटलं, "नाही सर. आजी कापणीमुळे येऊ शकल्या नव्हत्या. मी न पाहताच तारीख टाकली."

सर माझ्याकडं वळले नाहीत. आजींनाच म्हणाले, "आजी, ही कवळी महाराजांनी नाई दिली. हिनं केली, आणि चुकीची केली. मी ती न पाहता सही केली. म्हणजे दोष दोघांचा. तुमच्या तोंडाचा काहीच दोष नाई."

"जाऊ द्या ना बाप्पा. लेकरू हाय."

"लेकरू आहे म्हणूनच जाऊ देता येत नाई." ते उठले, कोनाड्यापर्यंत गेले आणि थांबले. "तुम्हीच काढून द्या. देवातलं मी नाई काढत."

आजींनी कवळी उचलली, पदरानं हळद-कुंकू पुसलं आणि त्यांच्या हातावर ठेवली. त्या वेळी मी सरांना हात जोडताना पहिल्यांदा पाहिलं. फोटोला जोडले की आजींना, ते मला सांगता येणार नाही. दोघं एकाच बाजूला होते.

परतीच्या एसटीत अर्धी वाट गेल्यावर ते बोलले. "तुझी ती कवळी मी रद्द करून राहिलो. या खेपेला परीक्षा नाई. सहा महिने लागतील. घरी सांगशील की मी सांगू?"

"मी सांगते," मी म्हटलं. पुढच्या रविवारी गावी गेले आणि वडिलांना सगळं सांगितलं. ते खाटेवर बसून ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "त्या बुढीच्या तोंडातला फोड बरा झाला काय?" मी म्हटलं, होतो आहे. "मंग सहा महिन्यानं काय बिघडते," म्हणाले आणि बैलांना पाणी पाजायला उठले.

सर माझ्यापाशीच थांबले नाहीत. त्यांनी संस्थानाला पत्र लिहिलं, की उत्सवात दिलेल्या सगळ्या एक्कावन्न कवळ्या परत तपासायला हव्यात, कारण त्या दुपारच्या सह्या आपण पेशंट न पाहता केल्या आहेत. माझं नाव त्यात नव्हतं. सचिव स्वतः तळमजल्यावर आले. आम्ही आतल्या खोलीत प्लास्टर कालवत होतो, सगळं ऐकू येत होतं.

"शिबिर महाराजांच्या नावाचं होतं. लोक काय म्हणतील? नावाला डाग लागेल."

"नाव मोठं आहे साहेब, त्याले काही होत नाई. म्हाताऱ्यांचे जबडे लहान आहेत."

"मग तुम्हाला प्रमुखपदावर ठेवणं मला अवघड होईल."

"ठेवू नका. फक्त माझं स्टूल ठेवा."

पुढल्या महिन्यात दारावरची पाटी बदलली. खुर्चीत दुसरे आले. सर तिथंच, खिडकीजवळच्या स्टुलावर. पण सचिवांबद्दलही एक सांगायला हवं. कुणाला न कळवता, कुठंही न छापता, त्यांनी संस्थानाची गाडी रोज सकाळी गावांकडं पाठवायला सुरुवात केली. म्हातारी माणसं गाडीतून येत, दुपारी गाडीतून परत जात. शेवटची कवळी ठीक होईपर्यंत उन्हाळा लागला होता, विभागात कूलर सुरू झाले होते. आजींची मी पहिल्या मापापासून नवी केली. पाचही खेपांना सर मागं उभे होते. शेवटच्या दिवशी आजींनी फुटाणा चावला, सरांनी डोळे मिटून ऐकला, आणि आजी म्हणाल्या, "आता नाई ठेवत बाप्पा देवात. आता वापरतो."

माझी बॅच पुढं गेली. मी सहा महिन्यांनी पास झाले. त्या सहा महिन्यांत मी सरांकडून जे शिकले ते आधीच्या चार वर्षांत शिकले नव्हते. मात्र त्या काळात त्यांचा राग मला पुष्कळदा आला, हेही खरं. मैत्रिणींचे इंटर्नशिपचे फोटो यायचे, आणि मी ज्युनियर पोरांबरोबर मेण वितळवत बसलेली असायचे. सरांना ते कळत असावं. ते काही समजूत घालत नसत. जाता-येता माझ्या कामावरून बोट फिरवत आणि "इथं" एवढंच म्हणत. बहुतेक वेळा तिथंच चुकलेलं असे.

आता नागपूरला लागून असलेल्या बेसा इथं माझा दवाखाना आहे. गेल्या वर्षी, निवृत्त होऊन बरेच दिवस झालेले सर एका मंगळवारी दारात उभे राहिले. साखरेच्या आजारानं दात हलले होते, उरलेले त्यांनी कॉलेजात काढून घेतले होते. पण कवळीसाठी तिथल्या कुणाकडं न जाता माझ्याकडं आले. खुर्चीवर आडवे होताना म्हणाले, "कर. मी काही बोलणार नाई." आणि पहिल्या मापापासून बोलत राहिले. माझ्याकडं आजवर आलेला सगळ्यांत त्रासदायक पेशंट तेच.

चौथ्या खेपेला मेणातले दात त्यांच्या तोंडात घातले. मागच्या बाजूला वरची आणि खालची दाढ केसभर अलीकडं-पलीकडं मिटत होती. त्यांच्या ते ध्यानात आलं नाही. ते खुश होते, आरशात पाहून मिशीवरून हात फिरवत होते.

"सर, चावा चुकला आहे. परत घ्यावा लागेल."

"किती?"

"थोडाच. पण आहे."

ते उठून बसले. "परवा नातवाची मुंज आहे पुण्याले. सगळे पाहुणे, फोटो. बोळकं घेऊन जाऊ काय मी? अशीच उद्यापर्यंत पक्की करून देऊन टाक वं. आल्यावर घासून देजो."

त्यांनी माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. माझ्या मनात क्षणभर आलं, द्यावी, काय बिघडतं. मग मी मेणाचे दात काढून घेतले आणि दिवा पेटवून मागच्या दाढांचं मेण वितळवलं. "नाही, सर," म्हटलं.

ते माझ्या हातांकडं पाहत राहिले. मग चपला घातल्या आणि गेले. मला वाटलं, दुखावले.

तीन दिवसांनी मोबाइलवर एक फोटो आला. मुंजीचा मांडव, बटूच्या शेजारी सर, डोक्यावर फेटा, आणि ते तोंड पूर्ण उघडून हसत होते. वर एकही दात नाही, खाली एकही नाही. आजूबाजूचे सगळे त्यांच्याकडं बघून हसत होते. फोटोखाली त्यांनी लिहिलं होतं, 'मंगळवारी दहाला येतो.'

त्याखाली, पहिल्यांदाच, माझं पूर्ण नाव.